कूटचलन: संशयाची आणि शब्दगोंधळाची बारा वर्षे

बिटकॉइनविषयी भारतात पहिला अधिकृत इशारा रिझर्व्ह बँकेने २४ डिसेंबर २०१३ रोजी दिला. त्या पत्रकात बंदी नव्हती आणि परवानगीही नव्हती. आभासी चलनाला कोणत्याही मालमत्तेचे पाठबळ नाही, त्याची किंमत सट्ट्यावर ठरते, पासवर्ड हरवला किंवा चोरीला गेला तर पैसा जातो, आणि तक्रार घेऊन जावे अशी कोणतीही अधिकृत यंत्रणा नाही, एवढेच त्यात सांगितले होते. दोनच दिवसांनी अंमलबजावणी संचालनालयाने अहमदाबादेत अशा व्यवहारांच्या एका संकेतस्थळाशी संबंधित जागेवर छापा घातला, आणि देशातील बिटकॉइन खरेदी-विक्रीच्या काही मंचांनी आपले काम थांबवले. तेव्हा बिटकॉइन बाळगणारे लोक फारच थोडे होते. त्यामुळे असंख्य वर्तमानपत्र वाचकांच्या कानावर हे नाव पहिल्यांदा पडले ते छाप्याच्या आणि इशाऱ्याच्या बातमीतून. या गोष्टीविषयीचा सार्वजनिक संशय अनुभवाच्या आधी आला. तो पुढे बराचसा खरा ठरला, मात्र लोकांनी धरलेल्या कारणांमुळे नव्हे.

मुळात या व्यवस्थेचा आराखडा ३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या टोपणनावाने प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स ही बँक बुडून तेव्हा जेमतेम दीड महिना झाला होता. नऊ पानांच्या त्या निबंधात बँकेसारख्या मध्यस्थाशिवाय एकाने दुसऱ्याला थेट पाठवायची इलेक्ट्रॉनिक रोकड मांडली होती. पुढे जगभर रूढ झालेले ‘क्रिप्टोकरन्सी’, ‘ब्लॉकचेन’ आणि ‘वॉलेट’ हे तिन्ही शब्द त्या निबंधात नाहीत. ‘मायनिंग’ची कल्पना तेवढी आहे, आणि तीही उपमेच्या रूपात: सोने काढणारे खाणकामगार जसे श्रम खर्चून नवे सोने चलनात आणतात, तसे संगणक येथे वीज आणि वेळ खर्चून नवी नाणी आणतात, असे तिथे म्हटले आहे. ही उपमा पुढे पारिभाषिक संज्ञा झाली, आणि संज्ञा झाल्यावर ती उपमा आहे याचा लोकांना विसर पडला.

प्रत्यक्षात बिटकॉइन ही एक सार्वजनिक खतावणी आहे. कोणत्या पत्त्यावरून कोणत्या पत्त्यावर किती रक्कम गेली याच्या नोंदी तिच्यात असतात, आणि तिच्या हजारो प्रती जगभरच्या संगणकांवर एकाच वेळी ठेवलेल्या असतात. साधारण दर दहा मिनिटांनी नव्या नोंदींचा एक गट तयार होतो. प्रत्येक गटात आधीच्या गटाची गणिती खूण गुंफलेली असते, म्हणून जुन्या नोंदीत फेरफार करायचा तर पुढची सारी साखळी नव्याने रचावी लागते. नवा गट जोडण्याचा मान मिळवण्यासाठी संगणकांमध्ये एक ठरावीक अटीत बसणारा आकडा शोधण्याची शर्यत चालते. ती जिंकणाऱ्याला नवी बिटकॉइन मिळतात. ३ जानेवारी २००९ रोजी पहिला गट तयार झाला तेव्हा हे बक्षीस ५० बिटकॉइनचे होते. ते दर चार वर्षांच्या आसपास निम्मे होते आणि एप्रिल २०२४ पासून ३.१२५ वर आले आहे. एकूण बिटकॉइन २ कोटी १० लाखांपलीकडे जाऊ नयेत अशी ही रचना आहे.

या वर्णनात नाणे कुठेच नाही. तरीही प्रत्येक बातमीसोबत इंग्रजी बी अक्षर कोरलेल्या सोनेरी नाण्याचे चित्र छापले गेले, आणि अशी नाणी कुठेतरी तिजोरीत पडून आहेत अशी समजूत पसरली. ‘वॉलेट’ने घोटाळा आणखी वाढवला. पाकिटात पैसे असतात. बिटकॉइनच्या वॉलेटमध्ये फक्त किल्ली असते, म्हणजे खतावणीतील आपल्या पत्त्यावरची रक्कम हलवण्याचा अधिकार सिद्ध करणारा एक लांबलचक गुप्त आकडा. हा आकडा ज्याच्या हाती, त्याचीच रक्कम. आपली किल्ली दुसऱ्याच्या ताब्यात दिली की मालकीही त्याच्या भरवशावर जाते, ही या साऱ्या व्यवस्थेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट होती आणि तीच सर्वांत कमी सांगितली गेली. ‘एक्स्चेंज’ या शब्दाचेही तसेच. मुंबई शेअर बाजारामुळे हा शब्द मराठी मध्यमवर्गाच्या चांगल्या ओळखीचा, आणि तिथे सेबीचे नियंत्रण, दलालांची नोंदणी, रोख्यांची डिमॅट खाती हे सारे त्यात गृहीत. बिटकॉइनच्या मंचांनी नाव तेच घेतले, पण यांपैकी काहीही त्यांच्यामागे नव्हते.

मराठी वर्तमानपत्रांनी ‘आभासी चलन’ आणि ‘कूटचलन’ हे दोन शब्द रुजवले. पहिला रिझर्व्ह बँकेच्या इंग्रजी संज्ञेवरून आला, दुसरा ‘क्रिप्टो’वरून. कूट म्हणजे गूढ, सांकेतिक, हा अर्थ त्यात अभिप्रेत होता. पण संस्कृतात कूट म्हणजे खोटेही, आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रात खोटी नाणी पाडणाऱ्याला ‘कूटरूपकारक’ असेच म्हटले आहे. ‘आभासी’तही जे दिसते पण नसते असा भाव आहे. म्हणजे मराठी वाचकाला मिळालेल्या दोन्ही नावांत शंका आधीच भरलेली होती. ती ठेवणाऱ्यांचा तसा हेतू असेलच असे नाही, पण परिणाम तसा झाला.

संशयाला जमीनही तयार होती. नव्वदच्या दशकातील सागवान लागवडीच्या योजना, दामदुप्पट ठेवी, साखळी पद्धतीने सभासद जोडणाऱ्या कंपन्या, १९९२चा रोखे घोटाळा, बुडालेल्या सहकारी बँका आणि पतसंस्था यांची आठवण महाराष्ट्रातील घराघरांत होती. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या आणि मूल्याच्या हिशेबाने चलनातील सुमारे ८६ टक्के नोटा एका रात्रीत बाद ठरल्या. त्यानंतर ‘डिजिटल पैसा’ हा शब्द सरकारी जाहिरातींतून सर्वत्र पोहोचला. मोबाइलवरून बँक खात्यातले रुपये पाठवणे, खासगी कंपनीच्या ई-पाकिटात रुपये साठवणे आणि बिटकॉइन विकत घेणे या तीन अगदी वेगळ्या गोष्टी त्यामुळे एकाच नावाखाली आल्या. पहिल्या दोहोंत रुपया रुपयाच राहतो आणि त्यामागे रिझर्व्ह बँकेचे नियम असतात. तिसऱ्यात तसे काही नसते. हा भेद त्या महिन्यांत कुणी नीट समजावून सांगितला नाही.

पुढचे वर्ष ओढीचेही ठरले आणि भीतीचेही. २०१७ च्या आरंभी हजार डॉलरच्या आसपास असलेला बिटकॉइन डिसेंबरच्या मध्याला वीस हजारांच्या जवळ पोहोचला. त्याच वर्षी मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ या घातक प्रणालीने जगभरातील संगणक कुलूपबंद करून बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली. जूनअखेर अशाच दुसऱ्या हल्ल्याने नवी मुंबईतील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प केले आणि कंटेनरांच्या रांगा लागल्या. बंदराच्या बातम्या वाचणाऱ्यांसाठी बिटकॉइन म्हणजे खंडणीचे चलन अशी ओळख तेव्हा पक्की झाली.

पण खरा पैसा बुडाला तो दुसऱ्याच मार्गाने. एप्रिल २०१७ मध्ये नवी मुंबई पोलिसांनी ‘वनकॉइन’ नावाच्या योजनेच्या मेळाव्यावर कारवाई करून १८ जणांना अटक केली. रुजा इग्नातोव्हा या बल्गेरियातील बाईने २०१४ मध्ये सुरू केलेली ही योजना बिटकॉइनला मागे टाकणारे चलन म्हणून मिरवली जात होती. लोक प्रत्यक्षात ‘शिक्षण संच’ विकत घेत. त्यासोबत टोकन मिळत, आणि टोकनांपासून नाणी ‘माइन’ होतात असे सांगितले जाई. अमेरिकी सरकारी वकिलांच्या तपासात उघड झाले की या नाण्यामागे खरी ब्लॉकचेन नव्हतीच, आणि नाण्याचा भाव कंपनी स्वतःच ठरवत होती. बिटकॉइनचे सारे शब्द इथे होते. ज्या वस्तूसाठी ते शब्द घडले, ती वस्तू मात्र नव्हती. जगभरात चार अब्ज डॉलरहून अधिक रक्कम यात गोळा झाली. इग्नातोव्हा ऑक्टोबर २०१७ मध्ये सोफियाहून अथेन्सला जाणाऱ्या विमानात बसली आणि बेपत्ता झाली. २०२२ मध्ये एफबीआयने तिचे नाव सर्वाधिक हव्या असलेल्या दहा फरारींच्या यादीत घातले.

पुण्यात गाजलेले ‘गेनबिटकॉइन’ प्रकरण महाराष्ट्राच्या अधिक जवळचे. अमित भारद्वाज याने चालवलेल्या या योजनेत लोकांनी आपल्याकडचे बिटकॉइन द्यायचे, आणि त्याबदल्यात अठरा महिने दरमहा दहा टक्के बिटकॉइन परत मिळवायचे, असे आश्वासन होते. हे बिटकॉइन मायनिंगच्या धंद्यात गुंतवले जातील असे सांगितले जाई. मायनिंग म्हणजे नेमके काय हे ज्याला ठाऊक होते, त्याला या आश्वासनातील खोट लगेच दिसली असती. जगातल्या सर्व यंत्रांनी मिळून निघणारी बिटकॉइनची संख्या आधीच ठरलेली असते. स्पर्धक वाढले की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येते, आणि बक्षीस तर ठरावीक काळाने निम्मे होते. अशा धंद्यातून दरमहा ठाम दहा टक्के निघणे शक्यच नाही. पण खाण म्हटले की आत साठा आहे आणि तो उपसत राहता येतो असेच चित्र डोळ्यांसमोर येते. या योजनेला तेवढे पुरले. पुढे परताव्यात बिटकॉइनऐवजी योजनेने स्वतःच काढलेले ‘एमकॅप’ नावाचे टोकन मिळू लागले. टोकन आणि बिटकॉइन यांतला फरक गुंतवणूकदारांना तेव्हा, पैसे अडकल्यावर, कळला.

भारद्वाजला एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी दिल्ली विमानतळावरून ताब्यात घेतले. या योजनेने केवळ २०१७ मध्ये ६,६०० कोटी रुपयांचे बिटकॉइन गोळा केले असे अंमलबजावणी संचालनालयाचे म्हणणे आहे. खटला पूर्ण होण्याआधीच जानेवारी २०२२ मध्ये त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर मार्चमध्ये प्रकरणाला अनपेक्षित वळण मिळाले. या तंत्रातले जाणकार म्हणून तपासात मदतीला घेतलेल्या दोघांनाच पुणे पोलिसांनी अटक केली. आरोपींच्या वॉलेटमधील रक्कम त्यांनी स्वतःकडे वळवल्याचा आरोप होता. शब्द आणि तंत्र मोजक्या लोकांच्याच हाती असले की फसवणूक झालेला माणूसच नव्हे, तपास करणारी यंत्रणाही त्यांच्यावर कशी अवलंबून राहते, हे या घटनेइतके स्पष्टपणे क्वचितच दिसले असेल. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील हे सारे गुन्हे केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवले.

सरकारी भाषाही या काळात स्थिर नव्हती, आणि गोंधळाचा मोठा वाटा तिच्याकडे जातो. १ फेब्रुवारी २०१८ च्या अर्थसंकल्पी भाषणात अर्थमंत्री अरुण जेटली यांनी सांगितले की सरकार क्रिप्टोकरन्सीला वैध चलन मानत नाही. वैध चलन म्हणजे देणे फेडताना समोरच्याने स्वीकारलेच पाहिजे असे चलन. सोने, शेअर, जमीन यांपैकी काहीही त्या अर्थाने वैध चलन नाही, तरी ते बाळगणे गुन्हा ठरत नाही. पण अनेक बातम्यांत या विधानाचे ‘बिटकॉइन बेकायदेशीर’ असे रूप झाले. मग ६ एप्रिल २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक आले. त्यातही बिटकॉइन बाळगण्याला मनाई नव्हती. बँकांनी असे व्यवहार करणाऱ्यांना सेवा देऊ नये आणि चालू संबंध तीन महिन्यांत संपवावेत असा आदेश होता. बँकेची वाट बंद झाल्यावर झेबपे या मोठ्या मंचाने सप्टेंबरअखेर भारतातील खरेदी-विक्री थांबवली. २०१९ मध्ये सरकारने नेमलेल्या सुभाषचंद्र गर्ग समितीने सरसकट बंदीची आणि दहा वर्षांपर्यंत कैदेची शिफारस केली. तिचा कायदा झाला नाही, पण ‘दहा वर्षे तुरुंगवास’ हे शब्द लोकांच्या लक्षात राहिले.

४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. न्यायमूर्ती व्ही. रामसुब्रमणियन यांनी लिहिलेल्या निकालात कूटचलनाला जगात कुठे मालमत्ता, कुठे वस्तू, तर कुठे विनिमयाचे साधन मानले जाते याची सविस्तर छाननी आहे. रिझर्व्ह बँकेला या क्षेत्रात हस्तक्षेपाचा अधिकार आहे, हे न्यायालयाने मान्य केले. मात्र या व्यवहारांमुळे एकाही बँकेचे नुकसान झाल्याचे दाखवलेले नसताना संपूर्ण धंद्याची जीवनवाहिनी तोडणे प्रमाणाबाहेर आहे, असा निर्णय दिला. याचा अर्थ क्रिप्टोला मान्यता मिळाली असा होत नाही. लोकांत आणि जाहिरातींत मात्र तो तसाच पसरला. उलट काही बँका रद्द झालेल्या परिपत्रकाचा हवाला देऊन ग्राहकांना सावध करत राहिल्या. अखेर ३१ मे २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेलाच त्यांना तसे करू नका असे कळवावे लागले.

टाळेबंदीच्या काळात घरबसल्या मोबाइलवर शंभर रुपयांतही खरेदी करता येऊ लागली, आणि २०२१ मध्ये क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणात या मंचांच्या जाहिरातींचा पूर आला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात एका शब्दाने केवढा गोंधळ माजवला ते पाहण्यासारखे आहे. २३ नोव्हेंबरला लोकसभेच्या कामकाजपत्रिकेत आगामी विधेयकाचे वर्णन आले: सर्व ‘खासगी क्रिप्टोकरन्सीं’ना मनाई करणारे. तंत्रज्ञांच्या भाषेत खासगी म्हणजे मोनेरोसारखी, व्यवहार लपवणारी नाणी. बिटकॉइनची खतावणी सर्वांना खुली असल्याने तो त्यांत बसत नाही. सरकारला बहुधा ‘सरकारने न काढलेले’ हा अर्थ अभिप्रेत होता, आणि त्यात बिटकॉइनसह सगळेच येते. खुलासा कुणी केला नाही. घाबरलेल्या लोकांनी मिळेल त्या भावाला विक्री केली, आणि भारतीय मंचांवरचे भाव काही तासांत जागतिक भावांच्या बरेच खाली घसरले. ते विधेयक संसदेत कधी मांडलेच गेले नाही. त्या रात्री विकून मोकळे झालेल्या छोट्या गुंतवणूकदारांचे नुकसान मात्र कायमचे होते, आणि त्याची जबाबदारी अस्पष्ट शब्द वापरणाऱ्यांवर येते.

१ फेब्रुवारी २०२२ च्या अर्थसंकल्पाने तिसरे नाव दिले: आभासी डिजिटल मालमत्ता. चलन हा शब्द त्यातून जाणीवपूर्वक गाळला होता. नफ्यावर ३० टक्के कर लागला, एका व्यवहारातील तोटा दुसऱ्यातील नफ्यातून वजा करण्याची सोय नाकारली गेली, आणि १ जुलैपासून हस्तांतरणांवर एक टक्का करकपात सुरू झाली. ‘कर घेतात म्हणजे मान्य आहे’ असा तर्क लगेच केला गेला. तो चुकीचा होता, कारण आयकर उत्पन्नाच्या वैधतेचा दाखला देत नाही. घोड्यांच्या शर्यतीतील बक्षिसावरही याच दराने कर आहे, आणि अर्थ खात्याने ही तुलना तेव्हाच केली होती. त्याच फेब्रुवारीत गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी या नाण्यांमागे ट्यूलिपच्या फुलाइतकेही मूल्य नाही असे म्हटले, तर डेप्युटी गव्हर्नर टी. रबी शंकर यांनी ती पॉन्झी योजनांपेक्षाही वाईट असल्याचे मत मांडले. एकाच महिन्यात सरकारने कर लावला आणि मध्यवर्ती बँकेने बंदी योग्य ठरेल असे सुचवले. सामान्य माणसाने यातून कोणता निष्कर्ष काढावा?

त्यात डिसेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेचा स्वतःचा डिजिटल रुपया मुंबई, दिल्ली, बंगळुरू आणि भुवनेश्वर येथे प्रायोगिक स्वरूपात आला. तोही टोकनाच्या रूपात आणि वॉलेटमध्ये. मात्र तो रिझर्व्ह बँकेचे देणे आहे, कागदी नोटेइतकाच वैध आहे आणि त्याचा भाव रुपयाहून कमी-अधिक होत नाही. कूटचलनाविषयी सर्वाधिक साशंक असलेल्या संस्थेने त्याच क्षेत्रातील शब्द उचलले, ही गोष्ट समजावून सांगण्याचे कष्ट मात्र पुरेसे घेतले गेले नाहीत.

१८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतीय मंचाच्या वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलरची, म्हणजे जवळपास दोन हजार कोटी रुपयांची, नाणी चोरीला गेली. बिटकॉइनची खतावणी किंवा तिचे गणित तेव्हाही अबाधित होते. फुटला होता तो मंचाचा ताबा. खातेदारांना पैसे काढणे बंद झाले, आणि आपल्या नावावर दिसणारी नाणी आपल्या किल्लीखाली कधीच नव्हती हे हजारो लोकांना तेव्हा समजले. पुनर्रचनेचा अर्ज सिंगापूरच्या न्यायालयात गेला, कारण मूळ कंपनी तिथली होती. २०१३ च्या पत्रकात दाद मागायला जागा नाही असे जे म्हटले होते, ते भारतीय खातेदारांच्या बाबतीत अकरा वर्षांनीही तसेच होते. मार्च २०२३ पासून हे मंच मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आले आहेत आणि कराची आकारणी नियमाने चालू आहे; पण मंचांची नोंदणी, ग्राहकांच्या किल्ल्यांचा ताबा आणि नुकसानभरपाई यांविषयी स्वतंत्र कायदा भारताने २०२४ अखेरपर्यंत केला नव्हता.